हातिमताईच्या मुलखात: सौदीतल्या हाइल प्रांताची पहिली सफर कशी आखावी

हातिमताई आपल्याकडे आला तो गोष्टींतून. सात सवालांची उत्तरं शोधत रानोमाळ हिंडणारा, मागेल त्याला मागेल ते देणारा. त्या गोष्टींतल्या पऱ्या आणि राक्षस नंतर रचले गेले, पण हातिम अल-ताई हा माणूस खरा होता. सहाव्या शतकातला, इस्लामच्या आधीचा, तय्य नावाच्या टोळीतला कवी. त्याची एक कथा अरबांत आजही सांगतात. रोमच्या बादशहाने त्याचा नावाजलेला घोडा मागायला दूत पाठवला. दूत रात्री पोचला तेव्हा घरात पाहुण्याला वाढण्याजोगं काही नव्हतं, म्हणून हातिमने तोच घोडा कापून त्याला जेवू घातला. घोडा मागायला आलो आहे, हे दूताने सांगितलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

ही कथा जिथली, तो मुलूख म्हणजे सौदी अरेबियाच्या उत्तर-मध्य भागातला हाइल प्रांत. रियाधहून बरेचजण एका सुट्टीत येतात, जुब्बा गावच्या खोदचित्रांच्या खडकांसमोर फोटो काढतात आणि परततात. माझं मत स्पष्ट आहे: हाइलला चार रात्री द्या, आणि त्यातली एक संध्याकाळ मुद्दाम रिकामी ठेवा. कशासाठी, ते पुढे येईलच.

पायरी १: आधी नकाशा समजून घ्या

तीन गोष्टी डोक्यात बसल्या की हाइल उलगडतं: डोंगर, वाळू आणि वाट.

डोंगर दोन, अजा आणि सलमा. दोन्ही ग्रॅनाइटचे, गुलाबी-तांबूस. अजाच्या पायथ्याशी हाइल शहर वसलं आहे आणि सलमा तिथून आग्नेयेला आहे. लोककथेत अजा हा तरुण आणि सलमा त्याची प्रेयसी. दोघं पळून गेले, सलमाच्या माणसांनी त्यांना गाठून मारलं आणि ज्या डोंगरांवर मारलं त्यांना त्यांचीच नावं पडली. या डोंगरांच्या घळींत पावसाचं पाणी मुरतं, म्हणून पायथ्याशी विहिरी झाल्या, विहिरींभोवती खजुराच्या बागा आणि बागांभोवती गाव. वाळवंटी प्रदेशात शहर इथेच का, याचं उत्तर बहुतेक वेळा पाण्याशीच जाऊन थांबतं.

वाळू म्हणजे उत्तरेचं नफूद. इथल्या वाळूत लोहाचा अंश आहे, म्हणून ती तांबूस दिसते, आणि सकाळ-संध्याकाळी तर विटेच्या रंगावर जाते. या वाळूने उत्तरेकडून येणाऱ्या फौजा कित्येक शतकं रोखून धरल्या.

वाट म्हणजे दर्ब झुबैदा, इराकमधल्या कूफाहून मक्केला जाणारा यात्रामार्ग. खलिफा हारून अल-रशीदची बेगम झुबैदा हिने त्यावर विहिरी आणि पाण्याचे तलाव बांधवले, म्हणून तिचं नाव. यात्रेकरू एका मुक्कामाहून दुसऱ्याकडे जायचे, त्या मुक्कामाला अरबीत म्हणतात ‘मंझिल’. आपलं ‘मजल दरमजल’ तिथूनच आलं.

इतिहासाला एवढा परिच्छेद पुरे. १८३६ साली अब्दुल्ला बिन अली अल रशीद याने हाइलची सत्ता घेतली आणि शम्मर टोळीच्या जोरावर अल रशीद घराण्याचं राज्य उभं राहिलं. मुहम्मद बिन रशीदच्या काळात, म्हणजे १८७२ ते १८९७ या वर्षांत, ते सगळ्यात बलाढ्य होतं. १८९१ मध्ये रियाधही त्यांच्या हाती गेलं आणि सऊद घराण्याला कुवेतचा आसरा घ्यावा लागला. १९०२ च्या जानेवारीत तरुण अब्दुल अझीझ इब्न सऊदने रियाध परत मिळवलं, ते रशीदांच्या सुभेदाराला मारून. पुढची जवळजवळ वीस वर्षं दोन्ही घराणी लढत राहिली. हाइल पडलं १९२१ च्या नोव्हेंबरमध्ये. त्यामुळे शहरात फिरताना जुनं फार थोडं का उरलं आहे, असा प्रश्न पडला तर हा परिच्छेद आठवा.

पायरी २: महिना नीट निवडा

नोव्हेंबर ते मार्च. एवढेच महिने धरा. हाइल समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत दुपार छान उबदार असते, पण रात्री पारा शून्याच्या आसपासही जातो. मुंबई-पुण्याचा स्वेटर इथे कमी पडतो. जाड जाकीट, कानटोपी आणि मोजे न्या. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि खडकांवर हात ठेवता येत नाही.

फेब्रुवारी-मार्च मला सगळ्यात आवडतो. पाऊस चांगला झाला असेल तर माळरानावर हिरवी लव येते, रानफुलं दिसतात आणि गावातली कुटुंबंच्या कुटुंबं तंबू घेऊन रानात मुक्कामाला जातात. याच दिवसांत जमिनीखाली उगवणारी एक अळंबी मिळते, तिला इकडे ‘फगा’ म्हणतात. विजा कडाडून पाऊस झाला की ती चांगली येते, असं इथले लोक सांगतात. बाजारात दिसली तर जरूर घ्या.

एक गोष्ट तपासायची: रमजान. सध्या तो हिवाळ्यातच येतो आहे आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्या महिन्यात दिवसा खाणावळी बंद असतात आणि चारचौघांत पाणीही प्यायचं नसतं. संध्याकाळी मात्र शहर उजळून निघतं. आधी ठरवून गेलात तर तोही अनुभव मोलाचा आहे.

पायरी ३: कागद आणि बॅग

सौदीने पर्यटन व्हिसा सुरू केला तो सप्टेंबर २०१९ मध्ये. दुबई, दोहा, मस्कत, बहारीन इथे रहिवासी परवान्यावर असलेल्या मराठी माणसांना तो ऑनलाइन सहज मिळतो. भारतातून थेट येणाऱ्यांनी मात्र विमानाचं तिकीट काढण्याआधी सौदी पर्यटन खात्याचं अधिकृत संकेतस्थळ बघावं, कारण कोणाला ऑनलाइन आणि कोणी व्हिसा केंद्रातून, हे नियम बदलत राहतात.

बॅग भरताना घरच्यांना एक सूचना कळकळीने द्या: खसखस ठेवायची नाही. सौदीत ती अमली पदार्थांत मोडते. खसखशीचे अनारसे, खसखस लावलेले लाडू, वाटणाचा तयार मसाला, सगळं घरी ठेवा. दिवाळीनंतर येणाऱ्यांनी फराळाचा डबा दोनदा तपासावा. खोकल्याची काही औषधं आणि तीव्र वेदनाशामकंही इथे नियंत्रित आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी मूळ पाकिटासह जवळ असू द्या. दारूवर बंदी आहे. ड्रोन परवान्याशिवाय आणायचा नाही.

कपडे सैल, खांदे आणि गुडघे झाकणारे. परदेशी स्त्रियांना अबाया सक्तीचा नाही. तरी हाइल हे रियाध-जेद्दापेक्षा जुन्या वळणाचं शहर आहे. लांब कुर्ता, सलवार आणि एक ओढणी असली की कुठेही अवघडल्यासारखं होत नाही.

पायरी ४: पोचणं आणि गाडी

रियाधहून हाइल रस्त्याने साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. विमान आहेच, पण मी रेल्वे सुचवेन. उत्तरेकडे जाणारी ही गाडी मजमा आणि कसीम करत साधारण साडेचार तासांत हाइलला पोचते. खिडकीतून नज्दचं, म्हणजे मध्य अरबस्तानचं, पठार, मग वाळूचे पट्टे, मग क्षितिजावर अजाचे कंगोरे असं चित्र हळूहळू बदलत जातं. तिकीट आधी काढा. शुक्रवार-शनिवार ही इथली साप्ताहिक सुट्टी, तेव्हा गाड्या भरतात.

हाइलमध्ये उतरल्यावर गाडी भाड्याने घ्यावीच लागते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घरूनच काढून आणा. स्त्रियांना जून २०१८ पासून गाडी चालवता येते, त्यामुळे मैत्रिणींच्या गटानेही निर्धास्त बेत करावा. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि वेगावर कॅमेऱ्यांची नजर असते. शहराबाहेर रात्री चालवणं टाळा. काळोखात रस्त्यावर उभा उंट गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि त्याचं धड नेमकं समोरच्या काचेच्या उंचीवर असतं. हा नियम मी एकदाही मोडत नाही.

पायरी ५: पहिला दिवस शहरात

सुरुवात आरिफ किल्ल्यापासून करा. शहराच्या मधोमध एका टेकाडावर हा दगडमातीचा छोटा किल्ला आहे, अंदाजे दोनशे वर्षांचा. चढ दहा मिनिटांचा. रमजानचा चंद्र बघायला आणि रोजा सोडायची तोफ उडवायला ही जागा वापरली जायची. वरून अख्खं हाइल आणि मागे अजाची भिंत दिसते. आदल्या रात्री वाचलेला भूगोल इथे उभं राहून पडताळून घ्या.

मग किश्ला. हा तुर्की शब्द, अर्थ सैन्याची बराक. १९४० च्या दशकात, म्हणजे सौदी राज्य स्थापन झाल्यावर, हा मातीचा प्रचंड चौसोपी वाडा बांधला गेला. आठ बुरूज, दुमजली ओवऱ्या आणि मध्ये मोकळं पटांगण. भिंती मातीच्या, छताला अथल या झाडाची लाकडं आणि त्यावर खजुराच्या झावळ्या. आपल्याकडच्या पांढऱ्या मातीच्या गढ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना जाड भिंतीआडचा गारवा लगेच ओळखू येईल. उघडण्याच्या वेळा तिथे चौकशी करूनच जा, आणि शुक्रवारची सकाळ टाळा, कारण जुम्माच्या नमाजापर्यंत शहर झोपलेलं असतं.

बर्झान राजवाड्यापाशी थांबताना मात्र मनाची तयारी ठेवा. अल रशीद घराण्याचा हा वाडा एके काळी भव्य होता. १९२१ नंतर तो पाडला गेला. उरले आहेत ते फक्त बुरूज. याच वाड्यात १८७९ च्या जानेवारीत लेडी अ‍ॅन ब्लंट ही इंग्रज बाई नवऱ्याबरोबर आली होती, उंटांवरून नफूद ओलांडून, अमीराचे घोडे बघायला. ती कवी बायरनची नात. १९१४ मध्ये इंग्रज प्रवासी गर्ट्रूड बेल आली, तेव्हा अमीर मोहिमेवर गेलेला होता आणि तिला काही दिवस शहरात जवळजवळ नजरकैदेत राहावं लागलं.

घोड्यांचा विषय निघालाच आहे तर आपल्या मुंबईशी असलेला धागाही सांगतो. एकोणिसाव्या शतकात नज्दचे घोडे कुवेत आणि बसऱ्याच्या बंदरांतून जहाजांत चढायचे आणि मुंबईला उतरायचे. इंग्रजी फौजेला आणि आपल्या संस्थानिकांना अरबी घोडा लागायचा, आणि त्याचा मोठा बाजार मुंबईत होता. शम्मर मुलखातली जनावरंही त्यात असत. बर्झानच्या उरलेल्या बुरुजांखाली उभं राहिलं की मला हे आठवतंच.

संध्याकाळी शहराच्या कडेला समरा डोंगरावरच्या बागेत जा. वाट चुकलेल्यांना दिसावा म्हणून हातिम इथे रात्री जाळ पेटवायचा, असं मानतात. त्याची आठवण म्हणून तिथे ज्योत उभारली आहे. हातिमचं घर आणि कबर म्हणून दाखवली जाणारी जागा अजाजवळच्या तुवारीन गावात आहे. तिथे बघायला फारसं नाही, पडक्या भिंती आणि शांतता. हातिमताईच्या गोष्टींवर वाढलेल्यांनी जावं, बाकीच्यांनी वेळ वाचवावा.

पायरी ६: जुब्बा, आणि त्यासाठी पूर्ण दिवस

हाइलपासून वायव्येला नव्वद-शंभर किलोमीटरवर, नफूदच्या वाळूत, जुब्बा हे गाव आहे. रस्ता पक्का, साधी गाडी चालते. गावाशेजारी उम्म सिन्मान हा डोंगर. नावाचा अर्थ ‘दोन वशिंडांची आई’, आणि लांबून तो खरोखर बसलेल्या उंटासारखा दिसतो. याच्या पायथ्याशी हजारो वर्षांपूर्वी गोड्या पाण्याचं सरोवर होतं. माणसं आणि जनावरं त्या पाण्यावर आली, आणि माणसांनी खडकावर जे पाहिलं ते कोरलं. २०१५ मध्ये युनेस्कोने जुब्बा आणि शुवयमिस इथली ही खोदचित्रं जागतिक वारसा यादीत घेतली. त्यांतली सर्वांत जुनी दहा हजार वर्षांपर्यंत मागे जातात.

आता बघायचं कसं, हे महत्त्वाचं. ही रंगवलेली चित्रं नव्हेत. खडकाच्या काळपट पापुद्र्यावर ठोकून-खरवडून आतला फिकट दगड उघडा केला आहे. म्हणून भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात ती विरून जातात आणि लोक ‘काही दिसलंच नाही’ म्हणत परततात. कोवळं किंवा उतरतं ऊन तिरकं पडतं तेव्हा रेषा उठून येतात. सकाळी साडेसातला पोचा, दहापर्यंत एक फेरी घ्या, दुपारी गावात जेवा, आणि चारनंतर पुन्हा जा. एकच खडक दोन वेळा बघितला की दुसऱ्यांदा त्यावर दुप्पट आकृत्या दिसतात.

खडक वाचायची सोपी युक्ती: आधी जनावर ओळखा. लांब शिंगांचे बैल आणि गायी दिसल्या तर ते चित्र पाऊसमानाच्या, हिरवळीच्या काळातलं. उंटांच्या रांगा, हाती भाला घेतलेले स्वार आणि शेजारी थमूदी या प्राचीन लिपीतली अक्षरं दिसली तर ते पुष्कळ नंतरचं, वाळवंट पसरल्यानंतरचं. एके ठिकाणी दोन घोड्यांचा रथही कोरलेला आहे. तो शोधायला रखवालदाराची मदत घ्या. हवामान बदलत गेलं आणि गाईची जागा उंटाने घेतली, ही सगळी गोष्ट एकाच डोंगरावर डोळ्यांनी बघायला मिळते. मी पाहिलेल्या खोदचित्रांच्या जागांत इतकी स्पष्ट दुसरी नाही.

खडकाला हात लावू नका, पाणी शिंपडून फोटो काढू नका, खडूने रेषा ठळक करू नका. कोकणात रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवरची कातळशिल्पं ज्यांनी बघितली आहेत, त्यांना अशा एका पावलाने काय बिघडतं हे सांगायला नको.

नफूदच्या वाळूत गाडी घालायची असेल तर स्थानिक माणूस बरोबर हवा, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी, आणि शक्यतो दोन गाड्या हव्यात. टायरमधली हवा साधारण निम्म्यावर आणतात आणि डांबरी रस्त्यावर परतताच पुन्हा भरतात. अनुभव नसेल तर रस्त्याच्या कडेला गाडी लावून पायी पहिली टेकडी चढा. तेवढ्यानेही मन भरतं. शेकोटीसाठी रानातली झुडपं तोडायची नाहीत, त्यावर बंदी आहे आणि दंड मोठा आहे. लाकूड विकत घेऊन जा.

पायरी ७: शुवयमिसला जायचं की नाही, हे प्रामाणिकपणे ठरवा

शुवयमिस हाइलच्या दक्षिणेला सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे. गावापर्यंत डांबरी रस्ता, पुढे लाव्ह्याच्या काळ्या खडकांतून कच्ची वाट. जागा कुंपणात आहे आणि रखवालदाराशिवाय आत जाता येत नाही. म्हणून आदल्या दिवशी हॉटेलातून किंवा स्थानिक वाटाड्याकडून फोन करून नक्की करून घ्या. न विचारता पोचून बंद फाटकावरून परतणं म्हणजे पाचशे किलोमीटर वाया.

पण गेलात तर जबल मंजूर आणि जबल रात या डोंगरांवर जे आहे ते जुब्बातही नाही. जगाला ही जागा कळली ती २००१ च्या सुमारास. इथे शिकारीची दृश्यं आहेत. धनुष्य ताणलेला माणूस, भोवती कुत्र्यांची टोळी, आणि त्यातल्या दोन कुत्र्यांच्या मानेपासून माणसाच्या कमरेपर्यंत गेलेली रेषा. ती रेषा म्हणजे दोरी. ही चित्रं आठ हजार वर्षांपूर्वीची असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि कुत्र्याला दोरी बांधल्याचं जगातलं हे सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक मानतात. मुलं बरोबर असतील आणि सहा-सात तास गाडीत बसणं त्यांना झेपणार नसेल तर हा दिवस गाळा. जुब्बा नीट बघितलंत तर रुखरुख लागायचं कारण नाही.

दोन्हीकडे लागू पडणारी सूचना: आभाळ भरून आलं तर घळीत, नाल्यात गाडी उभी करू नका. पाऊस तुमच्या डोक्यावर नसला तरी वरून लोंढा येतो. रुग्णवाहिकेचा क्रमांक ९९७, पोलिसांचा ९९९.

पायरी ८: फयद

हा अर्धा दिवस पुरतो. दर्ब झुबैदावर कूफा आणि मक्का यांच्या साधारण मध्यावर फयद हे मोठं ठाणं होतं. यात्रेकरू जादाचं सामान इथे ठेवून पुढे जात आणि परतताना घेत. आज किल्ल्याच्या काळ्या दगडांच्या भिंती, विहिरी, तलाव आणि एक संग्रहालय बघता येतं. दगडी तलावात पाणी कुठून येतं आणि गाळ कुठे बसतो, हे रखवालदाराला विचारा, तो आनंदाने दाखवतो.

पायरी ९: ती रिकामी संध्याकाळ

हाइलमध्ये कोणी ना कोणी कॉफीला बोलावतं, दुकानदार, वाटाडा, पंपावरचा शेजारी. पहिल्यांदा संकोच करतो आपण. एकदा नम्रपणे नको म्हटलंत तरी पुन्हा आग्रह झाला तर जा. ही संध्याकाळ त्यासाठीच मोकळी ठेवायची.

कॉफीला इकडे ‘गहवा’ म्हणतात. फिकट सोनेरी, वेलदोडा घातलेली, बिनसाखरेची, सोबत खजूर. यजमान डाव्या हातात सुरई धरतो आणि उजव्या हाताने छोटा पेला देतो. तुम्हीही उजव्या हातानेच घ्या. पेला थोडाच भरलेला असतो, पाहुण्याला पुन्हा पुन्हा वाढता यावं म्हणून. पुरे झालं की पेला बोटांत हलकेच हलवा, किंवा म्हणा ‘बस’. हा शब्द इकडेही अगदी त्याच अर्थाने चालतो. घरातल्या बायकांची चौकशी पुरुषांनी करू नये आणि फोटो विचारल्याशिवाय काढू नये. स्त्री पाहुण्यांना बहुधा आतल्या बायकांच्या बैठकीत नेतात, आणि जेवणाचा खरा थाट तिथेच असतो.

जेवणात ‘कुबैबात हाइल’ मागा: पानांत भात, मसाला आणि आंबट सुकं लिंबू भरून शिजवलेल्या गुंडाळ्या. गोडात ‘मकशूश’: गव्हाच्या छोट्या जाड धिरड्यांवर तूप आणि मध किंवा खजुराचा पाक. २०२३ मध्ये सौदीने याला राष्ट्रीय गोड पदार्थाचा मान दिला, आणि मूळ तो हाइलचाच. शाकाहारी असाल तर ‘बिदून लहम’, म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. ‘जरीश’ हा गव्हाच्या भरडीचा पदार्थ दिसायला शाकाहारी असतो, पण बहुधा मांसाच्या पाण्यात शिजतो, म्हणून विचारून घ्या. सकाळी बूफियामध्ये, म्हणजे छोट्या खाणावळीत, फूल, म्हणजे घोटलेले बाकला, आणि तंदुरातली गरम तमीस रोटी मिळते. गल्ल्यावर बऱ्याचदा एखादा मल्याळी असतो, त्याच्याशी हिंदीत बोला.

परतीच्या आदल्या दिवशी बाजारातून ‘क्लेजा’ घ्या. खजूर किंवा गूळसर पाक भरलेली, वेलदोडा-दालचिनीचा वास असलेली ही बिस्किटं आठवडाभर सहज टिकतात. डबा हातातल्या पिशवीत ठेवा. बॅगेत ती हमखास चुरतात.